रंगीत तालीम आणि जमाखर्च



दिवाळीनंतर इथे काहीच लिहिलं नाही. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि मग सौ.ने महिनाभर कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. आता स्वच्छ दिसायला लागलंय, आणि जे दिसतंय त्याचा रागही यायला लागलाय. पुण्याच्या पुतणीने मागे एका लेखाखाली लिहिलं होतं, "काका, हल्ली तुम्ही फार गोडगोड लिहिता." घे बाई, हा कडू काढा.

विषय आहे "रस्त्यातून वीज".

ही बातमी तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी वाचली असणार. रस्त्याखाली पट्ट्या बसवायच्या, वरून गाड्या धावणार, पट्ट्या दाबल्या जाणार, त्यातून वीज तयार होणार आणि गावातले दिवे लागणार. किंवा बुटाच्या टाचेत चकत्या बसवायच्या आणि चालता चालता मोबाईल चार्ज करायचा. हिवाळ्यात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन भरलं की हे मॉडेल असतंच. पुठ्ठ्याचा रस्ता, कडेला रंगवलेला भुसा, खाली चिकटवलेल्या पितळी चकत्या आणि कोपऱ्यात एक इवलासा दिवा. मुलगा अंगठ्याने दाबतो, दिवा लुकलुकतो, पाहुणे मान डोलावतात, फोटो निघतो. फोटोखालची ओळही ठरलेली असते: ग्रामीण भागातील बालवैज्ञानिकाची कमाल!

मंडळी, यात कमाल काही नाही. रस्त्यातून किंवा पावलांतून गावाला पुरेल एवढी वीज मिळेल, ही गोष्ट खरी नाही. ती खरी नाही हे सातवीच्या गणिताने कळतं. आणि तरीही आपण मोठी माणसं टाळ्या वाजवतो. अलीकडे तर या गोष्टीला संगणकातल्या रंगीत चित्रांची जोड मिळाली आहे, त्यामुळे ती आणखीच खरी वाटायला लागली आहे. माझा राग मुलांवर नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांवर आहे, आणि त्यात मीही आहे. ते शेवटी सांगतो.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही बी.ए., तेही मराठी माध्यमातून, मराठी आणि इतिहास घेऊन. तुम्हाला यातलं काय कळतं? बरोबर आहे. पण आमच्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाची जागा कायम रिकामी असायची, म्हणून पाचवी ते सातवीचं गणित आणि विज्ञान वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात पडलं. शिवाय शाळेची कीर्द-खतावणीही मीच लिहीत असे. हा लेख विज्ञानाच्या बळावर नाही, त्या कीर्दीच्या बळावर लिहितोय. जमेच्या बाजूला रक्कम आली तर ती कोणाकडून आली हे लिहावं लागतं, एवढं मला पक्कं कळतं.

झालं असं. गेल्या महिन्यात कोयना एक्स्प्रेसने साताऱ्याहून सांगलीला मुलाकडे गेलो होतो. नातू तिथेच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रात्री जेवणं झाल्यावर मला म्हणाला, "आजोबा, माझा प्रोजेक्ट बघता का?" पडद्यावर एक चाक होतं. ते डावीकडून येऊन एका पट्टीवरून घरंगळत उजवीकडे जात होतं. पट्टीवर चाक आलं की निळा रंग हिरवा व्हायचा, मग पिवळा, मग लालभडक, आणि चाक गेलं की पुन्हा निळा. रंगपंचमीच! त्याच्या प्रोजेक्टचं नाव बरंच लांबलचक आहे, पण अर्थ एवढाच की, महामार्गावरून धावणारं चाक पिझोइलेक्ट्रिक पट्टीला टेकतं तेव्हा नेमकं काय होतं ते संगणकात बघायचं.

पिझो म्हणजे दाब. मराठीत याला दाबविद्युत म्हणतात. क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो, हे १८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर या क्यूरी बंधूंनी दाखवलं. हल्ली शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या संयुगाची भाजलेली चकती वापरतात. तुमच्या स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर घ्या. खटका दाबला की आत स्प्रिंगवरची छोटी हातोडी अशाच तुकड्यावर आपटते आणि ठिणगी उडते. ती ठिणगी हजारो व्होल्टची असते. पण हजारो व्होल्ट आहेत म्हणून लायटरवर कोणी मिक्सर चालवत नाही. व्होल्ट म्हणजे पाणी किती उंचावर आहे ते. किती पाणी आहे, हा वेगळाच प्रश्न. गच्चीवर ठेवलेल्या वाटीतलं पाणीही उंचावरच असतं, त्याने मळा भिजत नाही. प्रदर्शनातली मुलं व्होल्टमीटर दाखवून "सर, वीस व्होल्ट!" म्हणतात तेव्हा ती वाटीची उंची सांगत असतात.

आणि त्या ठिणगीची ताकद कोणाची? आपल्या अंगठ्याची. हे लक्षात असू द्या.

आता सिम्युलेशन. मी त्याला रंगीत तालीम म्हणतो. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथेच उभं केलं, तेव्हा सांगलीत बसून दुसरा शब्द सुचणार तरी कसा? नाटक लोकांसमोर करण्याआधी सगळी वेशभूषा, सगळे दिवे लावून एकदा करून बघायचं. तसंच खरा रस्ता खणण्याआधी, खरं चाक फिरवण्याआधी, संगणकात एकदा सगळं करून बघायचं. यात वाईट काही नाही. उलट खर्च वाचतो आणि चुका आधी कळतात.

नातवाने समजावून सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. पट्टीचे हजारो बारीक तुकडे पाडतात, जाळी विणावी तसे. चाकाचेही पाडतात. मग एका सेकंदाचे हजारो भाग करून प्रत्येक क्षणी संगणक विचारतो: चाकाचा कुठला तुकडा पट्टीच्या कुठल्या तुकड्याला टेकला? किती जोराने? पट्टी किती दबली? किती विद्युतभार आला? या सगळ्यात 'टेकणं' हेच सर्वांत अवघड असतं म्हणे. कारण आत्ता स्पर्श नाही, पुढच्या क्षणी आहे, आणि जोर वाढला की टेकलेली जागाही वाढते. दोन गोल वस्तू एकमेकींवर दाबल्या तर स्पर्शाची जागा किती होते, याचं गणित १८८२ साली हाइनरिश हर्ट्झ यांनी मांडलं. रेडिओच्या मेगाहर्ट्झमधले तेच हे हर्ट्झ. तेव्हा ते पंचविशीच्या आतबाहेर होते, म्हणजे माझ्या नातवाहून फार मोठे नव्हते.

तर नातवाच्या तालमीतून आकडा आला होता: एका पट्टीतून ४० वॅट. त्याला गुणिले २४ तास. म्हणजे दिवसाला जवळजवळ एक युनिट. एका किलोमीटरला हजार पट्ट्या. रोज साडेनऊशे युनिट! "आजोबा, खंबाटकी बोगद्यापासून कराडपर्यंत सगळा हायवे उजळेल." पोराचे डोळे असे चमकत होते की मला काही विचारवेना. पण सवय वाईट. विचारलंच.

पहिला प्रश्न: चाळीस वॅट किती वेळ?

तो म्हणाला, चाक पट्टीवर असताना. मी म्हटलं, मग मांड. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण पावणेसतरा मीटर. टायर जमिनीला टेकतो तो भाग वीसेक सेंटिमीटर. म्हणजे चाक पट्टीवर असतं सेकंदाचा ऐंशीवा हिस्सा, बारा हजारांश सेकंद. ४० वॅट तेवढ्या वेळापुरते, तेही मधल्या एका क्षणापुरते. आणि हा पोरगा ते २४ तासांनी गुणत होता! मी त्याला म्हटलं, बाळा, १५ ऑगस्टला झेंडावंदनाला शाळेत शंभर टक्के हजेरी असते, खाऊ असतो ना. तोच आकडा मी वर्षभराची हजेरी म्हणून कळवला असता, तर साहेबांनी मला घरी पाठवलं असतं.

मग खरा हिशेब केला. उदार हाताने धरू की पूर्ण बारा हजारांश सेकंद चाळीस वॅट मिळाले. एका चाकामागे ०.४८ जूल. समजा दिवसाला दहा हजार गाड्या, प्रत्येकीची दोन चाकं पट्टीवरून गेली. वीस हजार चाकं, ९६०० जूल. आणि विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. भागाकार तुम्हीच करा. एका पट्टीतून एक युनिट मिळायला ३७५ दिवस! वर्षभर वाट पाहायची, वर दहा दिवस थांबायचं, आणि हातात काय येणार, तर एका कटिंग चहाच्या किमतीची वीज.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मी विचारलं, पट्टीवरून जाताना तुझं चाक थोडं तरी हळू झालं का?

नातू म्हणाला, "नाही आजोबा, चाकाचा वेग आपणच ठरवून देतो. तो बदलत नाही."

मंडळी, इथे सगळी मेख आहे. संगणकात चाकाला सांगितलं जातं की तू ताशी साठने जा. मग वाटेत काहीही येवो, पट्टी दबो, खड्डा पडो, चाक साठनेच जातं. ते थकत नाही, त्याला पेट्रोल लागत नाही. हा अदृश्य मारुतीराया चाकाला ढकलत असतो आणि त्याच्या कष्टाची नोंद कुठेच होत नाही. मग पट्टीतून निघालेली वीज फुकट दिसणार नाही तर काय? कीर्दीत जमा आहे, पण कोणाकडून जमा ते नाही. आमच्या शाळेच्या तपासणीत असं पान सापडलं असतं तर त्यावर लाल शाईने रेघ आली असती.

खऱ्या रस्त्यावर मारुतीराया नसतो. पट्टी दबली म्हणजे चाक एका छोट्या खळग्यात उतरलं. त्यातून वर यायला त्याला जोर लावावा लागतो. माहुलीच्या नदीकाठच्या वाळूतून ज्याने सायकल हाणली आहे त्याला हे सांगायला नको. तो जोर इंजिन देतं आणि इंजिनाला पेट्रोल लागतं. गाडीचं इंजिन पेट्रोलमधल्या शक्तीचा साधारण पाव हिस्सा चाकापर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. त्या पावातला एक कण पट्टीने काढून घ्यायचा, त्यातलाही बराचसा घालवायचा आणि उरलेल्याला फुकटची वीज म्हणायचं! पेट्रोल जाळूनच वीज करायची असेल तर लग्नाच्या मांडवामागचा जनरेटर काय वाईट? तो निदान धूर सोडून कबूल तरी करतो. हा रस्ता म्हणजे पावती न देणारा टोलनाका आहे.

कोणी हुशार माणूस म्हणेल, उतारावर किंवा गतिरोधकापाशी गाडी ब्रेक लावतेच, ती शक्ती वायाच जाते, तिथे बसवा पट्ट्या. मान्य. तिथे चोरी नाही. पण पहिला प्रश्न उरतोच की, किती मिळणार आणि कितीला पडणार?

तिसरा प्रश्न नातवाचा त्यानेच विचारला, त्यामुळे त्याचं कौतुक. माझ्या बोलण्यावर रागावून तो रात्री दोनपर्यंत बसला. त्याने चाकाला वजन दिलं, सुरुवातीचा वेग दिला आणि मोकळं सोडलं. आता चाकाजवळ आहे तेवढीच शिल्लक, वरून कोणी घालणार नाही. सकाळी चहा घेताना म्हणाला, "आजोबा, शेवटी मोजलं तर शक्ती सुरुवातीपेक्षा जास्त भरतेय." कीर्द जुळेना! कारण काय, तर पुन्हा ते 'टेकणं'. संगणकात चाक पट्टीला टेकतं तेव्हा ते किंचित पट्टीच्या आत घुसतं. मग संगणक तिथे एक काल्पनिक स्प्रिंग लावून त्याला बाहेर ढकलतो. ती स्प्रिंग फार कडक आणि मोजण्याचे क्षण फार विरळ असले की ढकलताना थोडी शक्ती नसल्यातून निर्माण होते. वाण्याच्या काट्याला खाली चिंच चिकटवावी तसं! पोराने तीन रात्री क्षण बारीक केले, जाळी बारीक केली. चौथ्या दिवशी पैशाला पैसा जुळला. चाकाने गमावलं तेवढंच पट्टीत, रबरात आणि उष्णतेत सापडलं. आणि विजेचा आकडा पहिल्यापेक्षाही खाली आला.

तो घेऊन हा गेला, तर एका मार्गदर्शकाने त्याला सांगितलं, "अरे, आधीचा आकडा छान होता. तोच ठेव. शून्याला कोण मार्क देणार?"

हे वाक्य ऐकलं आणि मी हा लेख लिहायला घेतला.

पावलांचंही गणित एकदा मांडून ठेवतो, म्हणजे बुटाचा विषय मिटेल. साठ किलोचा माणूस फरशीवर पाय ठेवतो आणि फरशी तब्बल अर्धा सेंटिमीटर खाली जाते असं धरू. ६० गुणिले ९.८ गुणिले ०.००५. झाले सुमारे तीन जूल. त्यातला कण न् कण विजेत बदलला, असं देवाने वरदान दिलं तरी एका युनिटला बारा लाख पावलं लागतील. साताऱ्याहून पंढरपूरला चालत जाऊन परत यायचं आणि हे दोन-तीनदा करायचं, तेव्हा एक युनिट. आणि वरदान काही मिळत नाही. ती चकती दगडासारखी टणक असते, ती अर्धा सेंटिमीटर दबतच नाही, दबते ती मिलिमीटरच्या शंभराव्या-हजाराव्या हिश्श्याने. खाली रबर किंवा स्प्रिंग घातली तर जोर त्यातच जिरतो.

आता याच्याशेजारी आपली कोयना ठेवा. शिवसागराचं पाणी सह्याद्री फोडून पोफळीला साधारण पावणेपाचशे मीटर खाली जातं. एक लिटर पाणी, म्हणजे मोठा तांब्याभर, पडताना साडेचार हजारांहून जास्त जूल देतं. दीड हजार पावलांइतके, एका तांब्यात! कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे. पण तिचीही वीज फुकट नाही, बरं का. जावळी-पाटणच्या खोऱ्यातली गावंच्या गावं पाण्याखाली गेली, माणसं कुठल्या कुठे पांगली. माझ्या वर्गात त्या घरांतली मुलं होती. त्यांना "तुमचं गाव कोणतं?" विचारलं की ती आधी खाली बघायची. वीज कुठून आली आणि कोणी किंमत मोजली, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला तरी कोणी शिकवायला नको होता. आपणच फुकट विजेला टाळ्या वाजवाव्यात याचं मला जास्त वाईट वाटतं.

परदेशात झालंय ना, असंही म्हणतात. झालंय. टोकियो स्टेशनच्या फाटकापाशी २००६ ते २००८ च्या दरम्यान अशा फरशा बसवून पाहिल्या. इस्राएलमध्ये २००९ साली रस्त्याच्या तुकड्यावर प्रयोग झाला. कॅलिफोर्नियाने २०१७ साली दोन प्रकल्पांना मिळून वीसेक लाख डॉलर दिले. प्रयोग जरूर करावेत. पण इतकी वर्षं झाली, आज कुठल्याही देशाचे दिवे रस्त्यातून लागत नाहीत. बातमी मात्र दर वर्षी नवी.

"गुरुजी, थेंबे थेंबे तळे साचे!" असं एका माजी सहकाऱ्याने फोनवर ऐकवलं. म्हण मीच चाळीस वर्षं शिकवली. पण थेंब तळ्यातूनच काढला, वाटेत निम्म्याहून जास्त सांडला आणि उरलेला पुन्हा तळ्यात टाकला, तर तळं साचत नाही, आटतं.

"मुलांचा उत्साह मोडू नका," हेही ऐकवलं. मंडळी, उत्साह कशाने मोडतो? खरं सांगितल्याने की खोटं खपल्याने? ज्या मुलाला आठवीत कळलं की मोजलं नाही तरी बक्षीस मिळतं, तो पुढे पूल बांधतानाही मोजणार नाही.

आणि दाबविद्युत वाईट आहे असं मी म्हणतच नाही. तिचं काम वेगळं आहे. ती वीज पुरवणारी नाही, वर्दी देणारी आहे. सोनोग्राफीच्या यंत्राचा दांडा पोटावर फिरवतात, त्यात याच चकत्या. जगात कित्येक ठिकाणी रस्त्यात क्वार्ट्झच्या पट्ट्या बसवतात, त्या धावत्या ट्रकच्या चाकाचं वजन सांगतात. इथे विजेच्या एका कणानेही भागतं, कारण तो कण दिवा लावायला नको असतो, निरोप पोचवायला हवा असतो. गळीत हंगामात आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या रस्त्यांवरून ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या डुलत जातात, त्यांचं धावतं वजन कळलं तर रस्ते आणि जीव दोन्ही वाचतील. नातवाच्या तालमीचा इथे खरा उपयोग आहे. चाक तिरकं आलं तर? वेगात आलं तर? टायरात हवा कमी असली तर पट्टी काय सांगेल? हे रस्ता न खणता संगणकात बघता येतं.

परतताना मिरजेला उतरलो होतो, सतारमेकर गल्लीत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं हे तुम्ही वाचलंच असेल. तिथे एक वयस्क कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. जवारी म्हणजे तरी काय? हलत्या तारेचा आणि घोडीच्या पृष्ठभागाचा स्पर्शच. तार घोडीच्या उताराला टेकते, सुटते, पुन्हा टेकते, त्यातून ती गुंजणारी आस निघते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं आहे. हल्ली काही जण घोडीखाली पिझो चकती बसवून घेतात, आवाज स्पीकरवर घ्यायला. बघा, निरोप्याचंच काम. पण मी बघत राहिलो ते वेगळंच. कारागीर कानस दोनदा फिरवायचे, तार चढवायचे, छेडायचे, कान लावायचे, मान हलवून तार उतरवायचे. पुन्हा दोनदा कानस. दर वेळी पडताळा. पाऊण तासात त्यांनी स्वतःला एकदाही शाबासकी दिली नाही.

आता माझी गोष्ट. हे सांगितल्याशिवाय लेख संपवला तर मीही जमाखर्च लपवला असं होईल.

२००७-०८ च्या सुमाराला मी एका तालुका प्रदर्शनात परीक्षक होतो. एका मुलाने बुटाचं मॉडेल आणलं होतं, दिवा लुकलुकत होता, पोरगं चुरूचुरू बोलत होतं. त्याच्या दोन टेबलं पलीकडे आठवीतली एक मुलगी होती. तिच्याकडेही त्याच चकत्या. पण तिने बाजरीच्या पिशव्या शिवल्या होत्या, एक किलोची, दोन किलोची, पाच किलोची. पाय म्हणून. ती पिशवी पट्टीने मोजलेल्या उंचीवरून चकतीवर टाकायची आणि काय झालं ते वहीत लिहायची. पानंच्या पानं भरली होती. शेवटी निष्कर्ष लिहिला होता: या चकत्यांनी घराला वीज मिळणार नाही, पण पाऊल पडलं हे कळायला त्यांचा उपयोग होईल.

मी पहिला नंबर बुटाला दिला. तिच्या कागदावर शेरा लिहिला: "निष्कर्ष निराशाजनक. सादरीकरण सुधारावे." अक्षर माझं, सही माझी. ती बाजरीची पिशवी हीसुद्धा रंगीत तालीमच होती, फक्त तिच्यात रंग नव्हता आणि हिशेब होता. त्या मुलीने तो शेरा वाचला, वही पिशवीत घातली आणि एसटी चुकेल म्हणून बक्षीस समारंभाआधीच निघून गेली. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. आता तिशी ओलांडली असेल. माझे काही विद्यार्थी हा ब्लॉग वाचतात. कोणाच्या ओळखीतून हे तिच्यापर्यंत पोचलं तर तिला सांगा की तुझा निष्कर्ष बरोबर होता आणि गुरुजींचा शेरा चुकला होता. सतरा-अठरा वर्षं उशीर झाला.

पुन्हा प्रदर्शनं येतील. तुमच्यापैकी बरेच जण शिक्षक आहात, काही जणांना परीक्षक म्हणून बोलावतील. हात जोडून विनंती आहे. दिवा लुकलुकला की लगेच मान डोलावू नका. मुलाला जवळ घ्या आणि विचारा: किती वेळ? किंमत कोणी मोजली? हिशेब जुळवून पाहिलास का? ज्याला ही उत्तरं देता येतील त्याला बक्षीस द्या, मग त्याचा दिवा लागो न लागो.

असो. फार लिहिलं. डोळ्यातून पाणी यायला लागलंय, ऑपरेशनचंच असावं. प्रतिक्रिया जरूर कळवा, शिव्या असल्या तरी चालतील.

ता. क. नातवाने खरा आकडाच सादर केला. सोबत धावत्या चाकाच्या वजनाचं एक प्रकरण जोडलं. मार्क अजून कळलेले नाहीत. सौ.ने मात्र त्याच्यासाठी पुरणपोळ्या केल्या.